नाव कोण सुचवणार?

मामा दर दोन-तीन वर्षांनी डिसेंबरात येतो. पहिली संध्याकाळ लालबागच्या खोलीत, आजीच्या लोखंडी खाटेवर, असा त्याचा शिरस्ता आहे. या वेळी त्याच्या हातात चार छापील पानं होती. न्यू जर्सी, टेक्सास, टोरांटो, दुबई, सिंगापूर असे पांगलेले त्याचे शाळासोबती मिळून शाळेतल्या गरजू मुलांसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभारताहेत, त्याचा तो मसुदा होता. शाळा दक्षिण मुंबईतली, जेझुइट पाद्र्यांची. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. माझगावचं सेंट मेरीज १८६४ चं, धोबीतलावचं सेंट झेवियर्स १८६९ चं, कूपरेजचं कॅम्पियन १९४३ चं. या शाळांतून शिकलेली माणसं जगभर आहेत, आणि पन्नाशी ओलांडली की त्यांतल्या पुष्कळांना शाळेचं काही देणं लागतो असं वाटू लागतं.

मी परळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला शिकवते. मामानं कागद माझ्यापुढे सरकवले. "बाय, शिक्षिकेच्या नजरेनं वाच. काय चुकलंय ते सांग."

मी वाचलं आणि सांगितलं. तो परत जाईपर्यंत, तब्बल तीन आठवडे, आम्ही त्यावरच बोलत होतो. दोघांनीही आपापलं म्हणणं सोडलं नाही.

"पहिल्याच ओळीवर अडलेय मी," मी म्हटलं. "'फक्त आपल्या शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी.' फक्त का?"

"कारण माझं देणं तिथलं आहे," मामा म्हणाला. "१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. अडीच लाख कामगार घरी बसले. बाबा साचाखात्यात. पहिले दोन महिने रोज वाटायचं, आज मिटेल, उद्या मिटेल. मग आईनं खानावळ घातली. पण जेवणारेही संपातलेच, ते पैसे कुठून देणार? जूनमध्ये मी आठवीत गेलो आणि फी न भरताच वर्गात बसत होतो. मधल्या सुट्टीत पोरं डबे उघडायची तेव्हा मी नळावर जाऊन उभा राहायचो. एका फादरांनी ते पाहिलं होतं. त्यांनी ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, आता नाव काढणार. त्यांनी एवढंच विचारलं, बाबा कुठल्या मिलमध्ये? मी सांगितलं. त्यांनी फीच्या पुस्तकावर शिक्का मारला, सही केली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. दहावीपर्यंत मी एक रुपया भरला नाही. वर्गात कुणाला कळलं नाही. ते पुस्तक आजही माझ्या कपाटात आहे."

हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्या संध्याकाळी मात्र माझी नजर मोरीपाशी मेथी निवडत बसलेल्या आईकडे गेली. मामापेक्षा ती दोन वर्षांनी लहान. मामाच्या फीच्या पुस्तकावर शिक्का उमटला त्या वर्षी ती सहावीत होती, म्युनिसिपालिटीच्या शाळेत. तिथे फी नव्हतीच, त्यामुळे माफ करण्यासारखंही काही नव्हतं. तिची शाळा सुटली ती डब्यांपायी. आजीच्या खानावळीचे डबे सकाळी दहाच्या आत पोचवायचे असत आणि ते पोचवायला घरात दुसरं कुणी नव्हतं. आठवीच्या सहामाहीला ती बसलीच नाही.

"तुला कुणी विचारलं नाही, शाळेत का येत नाहीस म्हणून?" मी आईला विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मामा काही बोलला नाही. मलाही त्याला दुखवायचं नव्हतं. पण त्याच्या मसुद्याबद्दल माझं जे म्हणणं होतं ते आईच्या या एका वाक्यात आलं होतं. एकाच खोलीतली दोन मुलं, एकच संप, एकच उपाशी घर. एकाला पाहणारं कुणीतरी होतं आणि दुसरीला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामा तयारीनं आला. जेझुइटांचा इतिहास त्याचा आवडता.

"तुला वाटतं, ही श्रीमंतांची शाळा आणि आम्ही तिच्यात वरून भर घालतोय. मुळात या लोकांच्या शाळा फुकट होत्या. १५४८ साली सिसिलीत मेसिनाला त्यांनी पहिली शाळा काढली, १५५१ मध्ये रोमला. फी घ्यायची नाही, हा जेझुइट संघाच्या संस्थापकाचा, इग्नेशियसचा नियम. शाळा काढण्याआधी कुणी राजानं, नगरानं किंवा धनिकानं कायम ठेव द्यायची, तिच्या उत्पन्नावर शाळा चालायची. जवळजवळ तीनशे वर्षं असं चाललं. फी घ्यायची परवानगी पोपनं दिली ती १८३३ साली, कारण मधल्या काळात संघ बरखास्त झाला आणि जुन्या ठेवी गेल्या. आम्ही जी ठेव ठेवतोय ना, ती त्या मूळ पद्धतीकडे परत जाणं आहे. माझगाव असो की मेसिना."

हे मला माहीत नव्हतं आणि मला ते मनापासून आवडलं. दरवर्षी वर्गणी मागण्यापेक्षा कायम ठेव ठेवावी आणि तिच्या व्याजातून मुलं शिकवावीत, हे शहाणपणाचं आहे. देणाऱ्यांचा उत्साह ओसरला, कुणी गेलं, कुणाची नोकरी सुटली, तरी मुलाचं वर्ष बुडत नाही. याबाबतीत मी त्याच्या बाजूची आहे.

"पण मामा, त्यांच्याच एका मुख्यानं माजी विद्यार्थ्यांना काय ऐकवलं होतं?"

तो हसला. "आरुपे. ते मी तुला सांगितलं होतं, आता माझ्यावरच उलटवतेस."

पेद्रो आरुपे. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमात होते आणि जखमींसाठी त्यांनी आपल्या मठाचंच इस्पितळ केलं. पुढे ते जेझुइट संघाचे प्रमुख झाले. ३१ जुलै १९७३ ला स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला जेझुइट शाळांच्या युरोपातल्या माजी विद्यार्थ्यांसमोर ते उभे राहिले. समोर डॉक्टर, वकील, कारखानदार, सगळी यशस्वी माणसं. त्यांना आरुपेंनी प्रश्न घातला : आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का? आणि उत्तरही स्वतःच दिलं : नाही घडवलं. इतरांसाठी जगणारी माणसं घडवणं हे आमचं काम आहे आणि ते आमच्याकडून झालेलं नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ऐकणाऱ्यांतले काहीजण रागावले.

"मग इतरांसाठी म्हणजे आपल्याच शाळेच्या पोरांसाठी का?" मी म्हटलं. "गिरगाव-दादरमध्ये एकेका ज्ञातीचे शिक्षणफंड किती तरी वर्षं चालत आलेत. त्यांनी पुष्कळ मुलं शिकवली, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्या फंडाच्या दारात पहिला प्रश्न असतो, तू आमच्यातला का? तुमच्या मसुद्यात तोच प्रश्न आहे. ज्ञातीच्या जागी शाळा आली, एवढंच. आणि तुमच्या शाळेत आधी आत शिरावं लागतं. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानं पहिलीच्या पंचवीस टक्के जागा गरीब मुलांना द्यायच्या, ती अट तुमच्यासारख्या अल्पसंख्याकांच्या शाळांना नाही. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलंय ते. ज्या मुलीला खरी गरज आहे ती तुमच्या फाटकाच्या आत आलेलीच नसते."

"म्हणूनच तर निधी हवा," मामाचा आवाज चढला. "कायदा सांगत नाही ते आम्ही स्वखुशीनं करू. आणि बाय, एक लक्षात घे. माणूस हिशेब मांडून देत नाही. ज्या आवारात शिकला, ज्या फादरांनी कान पकडला, त्याची आठवण येते म्हणून खिशात हात जातो. 'मुंबईतली गरजू मुलं' असं म्हटलं तर टेक्सासवाला शंभर डॉलर देईल. 'आपली शाळा' म्हटलं तर पाच हजार देईल. मी हे लोक ओळखतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कृतज्ञतेला पत्ता असतो, हे खरंच आहे.

चार दिवसांनी आम्ही गिरगावात एका लग्नाला गेलो होतो. परतताना चर्नी रोड स्टेशनसमोरच्या बागेपाशी मामा थांबला, आणि मला बोलायची संधी मिळाली. हीच ती बाग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोअर परळच्या डबक चाळीतला एक एल्फिन्स्टन हायस्कूलचा मुलगा शाळा सुटल्यावर इथे येऊन वाचत बसायचा. चाळीतल्या एका खोलीत अभ्यासाला जागा कुठली? त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर संध्याकाळी येत. विल्सन हायस्कूलचे शिक्षक. म्हणजे मुलाची शाळा वेगळी, गुरुजींची वेगळी. त्यांनी मुलाची चौकशी केली, त्याला पुस्तकं दिली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे कॉलेजात पैशांची अडचण आली तेव्हा तेच त्याला सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले. महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले.

"पैसा महाराजांचा होता, मामा. पण केळुसकरांनी बागेत मान वर करून पाहिलं नसतं तर? महाराजांना बडोद्यात बसून डबक चाळ कशी कळली असती? तुमच्या चार पानांत ठेव आहे, व्याज आहे, समिती आहे, हिशेबतपासनीस आहे. केळुसकर कुठे आहेत?"

मामा बराच वेळ बागेच्या कठड्याला टेकून उभा होता. मग म्हणाला, "माझे फादर म्हणजे तेच की."

"तेच. आणि आईचं कुणीच नव्हतं."

तिथून चर्चेची दिशा बदलली. मूळ मसुद्याबरोबर अर्जाचा वेगळा नमुनाही होता : इंग्रजीत, चार पानं. मी मामाला म्हटलं, आपण हा अर्ज एका खऱ्या मुलीसाठी भरून पाहू. माझ्या वर्गातली नववीची मुलगी. तिचं नाव इथे नको. आई खानावळ चालवते, वडील नाहीत. पहिला रकाना वडिलांच्या व्यवसायाचा, तो रिकामा. दुसरा वार्षिक उत्पन्नाचा, तहसीलदारांच्या दाखल्यासह. खानावळीला पगारपत्रक नसतं. दाखल्यासाठी आईला कामाचा दिवस मोडावा लागतो आणि एक दिवस चूल बंद म्हणजे जेवणारे दुसरीकडे जातात. पत्त्याचा पुरावा म्हणून लाइटबिल, पण ते मुलीच्या पणजोबांच्या नावावर. चाळीची खोली त्यांच्या नावाची, बिलावरचं नाव कुणी बदललंच नाही. रेशनकार्ड गावचं. शेवटी दीडशे शब्दांचा निबंध : माझी ध्येयं. इंग्रजीत. मुलीनं पेन हातात धरलं, अर्जाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, मराठीत लिहिलं तर चालेल का?"

मामानं चारही पानं माझ्या हातून घेतली. तो अर्ज त्याच्या टोरांटोच्या मित्रानं तिकडच्या कुठल्या नमुन्यावरून केला होता. वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

"तुझ्याच जेझुइटांतले फादर स्टीफन्स," मी म्हटलं. "इंग्रज माणूस. १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत लिहिलं. १६१६ मध्ये रायतूरला छापलं. ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्या भाषेत बोलायचं, हे त्यानं चारशे वर्षांपूर्वी ओळखलं. आणि तुम्ही लालबागची पोरं, लालबागच्या पोरीला इंग्रजीत ध्येयं विचारता?"

अर्ज बदलायचा हे तिथल्या तिथे ठरलं. गुणांची अटही गेली. मूळ अट ऐंशी टक्क्यांची होती. डबे पोचवून सत्तावन टक्के मिळवणारी मुलगी मला जास्त हुशार वाटते, आणि हे मामाला पटवायला फार वेळ लागला नाही. त्याला आठवीत बावन्न होते.

फोटोवरून मात्र भांडण झालं. वार्षिक समारंभात मुलांना मंचावर बोलावून धनादेश द्यायचा आणि फोटो देणगीदारांना पाठवायचा, असं कलम होतं. मामाचं म्हणणं, देणाऱ्याला काहीतरी दिसायला हवं, नाहीतर दुसऱ्या वर्षी तो देत नाही. मी म्हटलं, तुझ्या फीच्या पुस्तकावरचा शिक्का कुणी पाहिला होता? फादरांनी तुला प्रार्थनेच्या रांगेतून पुढे बोलावून शिक्का मारला असता तर ते पुस्तक तू कपाटात जपलं असतंस का? तो उठून गॅलरीत गेला. रात्री जेवताना म्हणाला, फोटो काढू नका.

राहिला कायद्याचा भाग. तो कंटाळवाणा आहे, पण परदेशातून पैसे पाठवू इच्छिणाऱ्यानं तो समजून घेतलाच पाहिजे. मामाचा पासपोर्ट आता अमेरिकेचा. ओसीआय कार्ड असलं तरी परकीय योगदानाच्या कायद्यानं त्याचा पैसा परकीयच धरला जातो. तो फक्त त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच देता येतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात यावा लागतो. त्याच दुरुस्तीनं आणखी एक दार बंद केलं : एका संस्थेनं घेतलेले परदेशी पैसे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. म्हणजे मामाच्या शाळेच्या संस्थेनं मनात आणलं तरी ती ते पैसे परळच्या एखाद्या लहान संस्थेच्या हवाली करू शकत नाही.

"बघ," मामा म्हणाला, "कायदाच सांगतो, शाळेला दे."

"तुला सांगतो. दुबईच्या तुझ्या मित्राला नाही." दुबईवाल्याचा पासपोर्ट भारताचाच आहे. अनिवासी भारतीयानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय योगदान धरली जात नाही. तो इथल्या कुठल्याही शैक्षणिक न्यासाला देऊ शकतो. सिंगापूरवालाही तसाच.

हे कळल्यावर मामानं रात्री बसून त्यांच्या गटातले पासपोर्ट मोजले. निम्म्याहून अधिक भारतीय निघाले. मग त्यानं मसुद्याचे दोन भाग केले. परदेशी पासपोर्टवाल्यांची ठेव शाळेच्या संस्थेकडे, शाळेच्या मुलांसाठी. भारतीय पासपोर्टवाल्यांचा पैसा इथल्या एका न्यासाकडे, लालबाग, परळ, गिरगावातल्या कुठल्याही शाळेतल्या मुलामुलींसाठी. पहिल्या भागात तो तसूभर हलला नाही. माझं देणं तिथलं, हेच त्याचं शेवटपर्यंतचं उत्तर. मला आजही वाटतं की सगळा पैसा दुसऱ्या भागात जायला हवा होता, आणि ते मी त्याला विमानतळावरही सांगितलं.

दोन्ही भागांना एक कलम मात्र सारखं आहे आणि ते आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. मुलानं अर्ज करायचा नाही. नाव वर्गशिक्षकानं सुचवायचं, घरी एकदा जाऊन आल्यावर. पैसा फीपुरता नाही. मुलाच्या कामावर घर चालत असेल तर त्या कामाचा मोबदला घराला द्यायचा, म्हणजे मूल वर्गात बसू शकेल. आणि दहावीला हात सोडायचा नाही. दहावीनंतरच्या दोन वर्षांतही पुष्कळ मुलं गळतात, हे मी माझ्या माजी विद्यार्थ्यांत पाहते.

परदेशातल्या वाचकांतही असे निधी उभारणारे पुष्कळ असतील. त्यांना माझी विनंती आहे. समिती नेमण्याआधी, बोधचिन्ह करण्याआधी, आपल्या शाळेतल्या एका वर्गशिक्षकाला फोन करा आणि विचारा, तुमच्या वर्गातलं कोण मधल्या सुट्टीत डबा उघडत नाही? तो किंवा ती नाव सांगेल. शाळेत डबे नसतील, तर गेल्या महिन्यात कोण यायचं थांबलं ते विचारा.

मामाच्या निधीची पहिली नावं मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत घ्यायची आहेत, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत. शिक्षकांनी भरायचा कागद एका पानाचा आहे आणि तो मराठीत आहे. त्यात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना नाही. तो कागद तपासून द्यायला आम्ही आईला सांगितलं होतं. तिनं एक ओळ वाढवली : मूल शाळेत आलं नाही तर घरी कोण जाईल, त्याचं नाव.